कमरेएवढी गाठ

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा बोरू माणसापेक्षा उंच होता आणि माणसाला त्याचं काही वाटत नव्हतं. किती वर्षं झाली ते विचारू नका. खैरटोल्यातले लोक सात पिढ्या झाल्या म्हणतात, बेलटोल्यातले नऊ म्हणतात, आणि दोघंही नावं मोजायला बसले की पाचव्यावर अडकतात.

धानाच्या मुलखात हे दोन टोले आहेत. टोला म्हणजे पंधरा-वीस घरांची वस्ती. खैरटोला अलीकडच्या उंचवट्यावर, बेलटोला पलीकडच्या. दोघांच्या मध्ये सखल जमीन आहे, आणि डोंगरातून धावत येणारा नाला त्या जमिनीवर पोचला की असा सुस्तावतो, की पुढं जायचंय हेच विसरतो. पावसाळाभर तिथं गुडघाभर पाणी पसरून असतं. त्या पाण्यात बोरू उगवतो.

बोरू म्हटलं की शिकलेल्या माणसाला लेखणी आठवते. पण लेखणी होण्याआधी बोरू काय असतो, ते पाहायला आमच्याकडे यावं. ज्येष्ठात चिखलातून हिरवी टोकं निघतात. आषाढात तो गुडघ्याला लागतो, श्रावणात कमरेला, आणि भाद्रपद लागला की घोड्यावर बसलेला माणूसही त्यात दिसेनासा होतो. पानांच्या कडा अशा धारदार की नुसता हात घासला तरी रक्ताची रेघ उमटते. आत शिरलं की वारा वरच्या वर जातो आणि खाली फक्त पाण्याचा आवाज उरतो, तोही कुठून येतोय ते कळत नाही. मधे मधे डोह आहेत. त्या डोहांना तळ नाही असं म्हणतात. बेलटोल्यातल्या एकानं बांबू घालून तळ शोधला होता, पण त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

तर या बोरूतून वाट काढायची कशी? पाण्यात पाऊल उमटत नाही. काल माणूस गेला, आज गवत मिटलं. म्हणून जुन्या लोकांनी एक रीत काढली होती. श्रावणात बोरू कमरेला लागला की एका माणसानं आत शिरायचं आणि दर वीस पावलांवर दोन-चार ताटांचे शेंडे जुळवून त्यांच्या पानांची गाठ मारायची. बेलटोल्याला जाताना गाठ उजव्या हाताला ठेवायची, घरी येताना डाव्या. बाकी काही लक्षात ठेवायचं नाही. हे काम खैरटोल्यातल्या ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, एका घराकडे होतं, आणि त्या घरात तेव्हा डोमाजी नावाचा म्हातारा ते करायचा.

डोमाजी दर आठ दिवसांनी पुन्हा आत जायचा. पुटपुटत जायचा, चिखलानं माखून पुटपुटत यायचा. एकदा गाठी मारल्यावर पुन्हा पुन्हा कशाला जातोस, असं लोक विचारायचे. तो म्हणायचा, बोरू झोपत नाही म्हणून. लोकांना वाटायचं, म्हातारा जरा सरकलाय.

डोमाजी गेला आणि काम त्याच्या सुनेकडे आलं. मुलाकडे यायला हवं होतं, पण त्याचा मुलगा जाळं विणण्यात जितका हुशार तितकाच वाट चुकण्यातही. त्याला बोरूत पाठवलं असतं तर त्याला शोधायला आणखी एक माणूस ठेवावा लागला असता. म्हणून गाठी सुनेनं बांधायच्या ठरल्या.

ही सून म्हणजे जैवंता.

जैवंता इतकी उंच होती की दारातून आत येताना आधी तिचं डोकं यायचं आणि जरा वेळानं बाकीची जैवंता. पाणथळीत सारस पक्षी असतात, माणसाएवढे उंच, लाल मानेचे. जैवंता उभ्या उभ्या सारसाच्या डोळ्याला डोळा लावायची आणि पापणी आधी सारसाची लवायची, असं म्हणतात. बेलटोल्यातले म्हणतात की जैवंतेची लवायची. त्यांना तिच्याबद्दल थोडी असूया आहे, कारण ती त्यांच्या टोल्यातली नव्हती.

पहिल्या वर्षी जैवंतेनं नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गाठी बांधल्या. सुबक बांधल्या, वेणीसारख्या घट्ट. वाटेत एका सारसाच्या जोडीनं बोरूची ताटं आणि गवत रचून पाण्यातच घरटं मांडलं होतं. त्यांना त्रास नको म्हणून जैवंतेनं तिथं वाट मोडली आणि घरट्याला लांबून वळसा घातला. आठ दिवसांनी ती सासऱ्यासारखीच पुन्हा आत गेली. पाहते तर सगळ्या गाठी जागच्या जागी. एकही सुटली नव्हती. उलट आता त्या लांबूनही दिसत होत्या. तिला वाटलं, सासरा उगीच खेटे घालत होता. मग तिनं दर आठ दिवसांचं जाणं सोडलं, आणि दसऱ्यापर्यंत कुणाचंही काही अडलं नाही. पुढच्या वर्षी सारस तिथंच आले, वळसाही तोच राहिला, आणि तेव्हाही कुणाचं अडलं नाही. जैवंतेच्या गाठींचं कौतुक व्हायला लागलं, आणि तिला ते आवडायचं. कुणाला नाही आवडत?

आता खैरटोल्यात गोंदामाय म्हणून सुईण होती. दोन्ही टोल्यांतलं प्रत्येक माणूस तिच्या हातात पहिल्यांदा रडलं होतं. वयानं ती कमरेत अशी वाकली होती की तिचं तोंड कायम जमिनीकडं असायचं. माणसांना ती पायांवरून ओळखायची. समोर कुणी उभं राहिलं की खाली पाहूनच म्हणायची, ये गं, बैस, टाच फुटली तुझी, तेल लाव. चेहरे तिला आठवत होते ते जुने, ती वाकायच्या आधीचे.

तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या दिवशी बैलांना पाहायला सगळे जमले होते. गोंदामाय बैलांचे खूरच पाहत होती. जैवंतेचे लांब पाय समोर आले तसं तिनं विचारलं की गाठी पुन्हा पाहून आलीस का. जैवंता हसली. म्हणाली, गाठी झकास आहेत, गोंदामाय, मी इथं उभी राहून दाखवते. आणि तिनं खरंच हात लांब करून दाखवल्या. गोंदामायनं काही तिकडं पाहिलं नाही. पाहणार कशी?

जैवंतेची थोरली मुलगी फुलवंता बेलटोल्यात दिली होती. ती पहिलटकरीण होती. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं ठरलं होतं, पण दिवस भरायच्या आतच, भाद्रपदातल्या एका सकाळी, जावई धापा टाकत बोरूतून बाहेर आला. फुलवंतेच्या पोटात पहाटेपासून दुखत होतं, आणि बेलटोल्यातल्या बायका म्हणत होत्या की मूल आडवंतिडवं आहे, आपल्यानं होणार नाही, गोंदामायला बोलवा.

गोंदामाय तेव्हा चुलीपुढं बसली होती. तिनं तेलाची बुधली घेतली, काठी घेतली आणि निघाली. पण तिचं चालणं ते किती. जैवंतेचा जीव तर पुढं पळत होता. बोरूच्या कडेला आल्यावर म्हातारीच म्हणाली,

"तू हो पुढं. पोरीजवळ माय पाहिजे. मी गाठी पाहत येते मांगून."

जैवंता थांबली नाही. आपल्या गाठींवर तिचा इतका भरवसा होता की तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. जावयाला घेऊन ती लांब ढांगा टाकत गेली आणि दुपार व्हायच्या आत बेलटोल्यात पोचली.

फुलवंता घामानं भिजली होती. तिनं आईचा हात धरला आणि सोडायलाच तयार होईना. बायकांनी जैवंतेला कानात सांगितलं की बाळाचे पाय खाली आहेत. म्हणजे बाळ पायाळू येणार. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी दिसतं म्हणतात, ते खरं असेल, पण पायाळू बाळाला बाहेर आणणं सगळ्यांना जमत नाही. गोंदामायनं अशी अकरा आणली होती. बाकी कुणी एकही नाही.

सगळे गोंदामायची वाट पाहत राहिले. दुपार कलली. ती येईना.

जावई पुन्हा बोरूत गेला. थेट खैरटोल्यापर्यंत गेला आणि परत आला. म्हातारी वाटेत कुठंच नव्हती. हाका मारल्या, पण बोरूत हाक दोन हातांपलीकडं जात नाही. जैवंतेनं त्याला विचारलं, गाठी तर सुटल्या नाहीत ना?

"एकबी नाही सुटली, माय. सगळ्या दिसल्या. डोक्यावर आहेत."

जैवंता ते ऐकून जागीच थिजली, असं म्हणतात.

कारण तिनं गाठी डोक्यावर बांधल्याच नव्हत्या. श्रावणात तिनं त्या कमरेएवढ्या उंचीवर बांधल्या होत्या. बोरू शेंड्यासकट वर चढतो, आणि शेंड्याला मारलेली गाठही त्याच्याबरोबर वर चढते. डोमाजी म्हातारा दर आठ दिवसांनी जात होता तो सुटलेल्या गाठी बांधायला नव्हे. वर गेलेल्या गाठींच्या खाली, मागाहून उगवलेल्या बुटक्या फुटव्यांवर, तो दर वेळी नवी गाठ मारत होता. जैवंतेला ते कधी कळलंच नाही, कारण तिचे डोळेही वरच होते. धडधाकट माणसांनी मान वर केली आणि त्यांना गाठी दिसल्या. पोरंसोरं बापाच्या खांद्यावरून गेली. राहिलं कोण? जिला मान वर करता येत नव्हती ती एकटीच, आणि आधीच्या दोन पावसाळ्यांत तिला पलीकडं जायची वेळच आली नव्हती. ती कमरेएवढ्या उंचीवर गाठ शोधत आत शिरली होती, आणि तिथं हिरव्या ताटांशिवाय काहीच नव्हतं.

ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती. जिथं गवत झोपत नाही तिथंच ती व्हायची.

जैवंता उठली. फुलवंता म्हणाली, आई, तू जाऊ नकोस. जैवंतेनं तिच्या कपाळावर हात ठेवला, तिची बोटं एकेक करून सोडवली आणि बाहेर आली. आईच्या काळजाचं त्या वेळी काय झालं असेल, ते मी सांगू शकत नाही. सांगणारे तिथं नेहमी थोडं थांबतात, मीही थांबतो.

बोरूच्या कडेला ती क्षणभर उभी राहिली. मग ती वाकली. गोंदामाय जेवढी वाकलेली होती तेवढी वाकली, तोंड पाण्याकडं केलं आणि तशीच आत शिरली.

आणि तिला बोरू पहिल्यांदा दिसला, असं म्हणतात. आजवर तिनं बोरूचे शेंडे पाहिले होते, तुरे पाहिले होते, वाऱ्यावर हलणारी वरची हिरवळ पाहिली होती. खाली वेगळंच गाव होतं. ताटांच्या मधून पाणी अगदी सावकाश चाललं होतं. पाण्यात उन्हाचे कवडसे होते आणि कवडशांतून बोटाएवढे मासे जात होते. गोगलगायींनी ताटांवर गुलाबी अंडी घातली होती. बेडकी पानावर बसून तिच्याकडं पाहत होती, आणि पळून जावंसं त्या बेडकीला वाटलं नाही. कुठंतरी कुणी गुणगुणतंय असा भास होत होता. या सगळ्यात वाट मात्र कुठंच नव्हती, ती फक्त तिच्या पायांना पाठ होती. जैवंतेला वाटलं, आपण तीन वर्षं वाट बांधतोय, पण या गावातून आपण कधी गेलोच नाही.

तिनं हाताशी लागतील ते बुटके फुटवे जुळवले आणि कमरेएवढी गाठ मारली. वीस पावलं गेली, दुसरी मारली. पानांनी तिचे हात चिरले. गाठीगाठीवर रक्ताचा ठिपका राहिला. बेलटोल्यातले म्हणतात की त्या गाठी मग अंधारातही दिसायला लागल्या. खैरटोल्यातले म्हणतात की अंधार पडायला अजून बराच वेळ होता. या बाबतीत मी खैरटोल्याच्या बाजूचा आहे.

ती वळणापाशी आली, जिथं तिनं सारसांसाठी वाट मोडली होती. आणि तिला कळलं. वरची गाठ न दिसलेलं माणूस इथं वळणार नाही, सरळ जाईल. तीही सरळ गेली. तेवढ्यात समोरून सारसाची तुतारीसारखी हाक आली, आणि तिच्या पाठोपाठ मादीची.

घरट्याच्या कडेला, बोरूच्या ढिगावर, गोंदामाय बसली होती. पाय पाण्यात, बुधली मांडीवर. दोन्ही सारस तिच्या दोन बाजूंना उभे होते. खरं तर अंड्यांवरचा सारस माणसाला चोचीनं फोडून काढेल, पण गोंदामायला त्यांनी काही केलं नाही. तीही अंड्यांची राखण करायलाच आली आहे, असं त्यांना वाटलं म्हणतात. नरानं तर तिच्यावर पंख धरला होता.

जैवंता वाकलेलीच तिच्यापुढं गेली. म्हातारीनं सवयीनं पाय पाहायला नजर वळवली, आणि पायांच्या आधी तिला चेहरा दिसला. आपल्या तोंडासमोर, आपल्याच उंचीवर, जैवंतेचं तोंड.

"गोंदामाय, तुह्या उंचीच्या गाठी मी बांधल्याच नाही," जैवंता म्हणाली.

गोंदामाय तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं तिच्या गालावरचा चिखल पुसला.

"आठ वर्सं झाली, बाई, कोणाचं तोंड पाह्यलं नाही मी. पाय पाहून पाहून जीव थकला. तू म्हातारी दिसून राह्यली, जैवंता." आणि ती हसली.

जैवंता रडली. मोठ्यानं रडली. पण रडत बसायला वेळ नव्हता. तिनं म्हातारीला पाठीवर घेतलं आणि ओझ्यानं वाकून निघाली. आता तिलाही मान वर करता येत नव्हती. वरच्या सुबक गाठी वरच राहिल्या. पाठीवरून गोंदामाय खाली पाहत होती आणि सांगत होती, ही एक, ही दुसरी, उजव्या हाताला ठेव. नुकत्याच बांधलेल्या गाठींमागून त्या दोघी बेलटोल्यात आल्या. सूर्य तेव्हा बोरूच्या शेंड्यांवर टेकला होता.

पुढचं बायकांनी पाहिलं, पुरुष अंगणात बसून होते. दिवा लागायच्या आत बाळ रडलं. मुलगी होती. पायांनीच आली. गोंदामायनं तिचे इवलेसे तळवे हातात धरले आणि म्हणाली,

"ही पायानं आली. बरं झालं. इले मी ओळखते आता जन्मभर."

फुलवंता वाचली. मुलीचं नाव सारजा ठेवलं.

जैवंता मात्र पुन्हा सरळ झाली नाही. म्हातारीला पाठीवरून उतरवल्यावर ती उभी राहायला गेली आणि पाठ उठलीच नाही. वैदूनं पाला बांधला, मांत्रिकानं लिंबू उतरवलं. जैवंता म्हणाली, राहू द्या, मला इथून नीट दिसतंय. त्यानंतर ती दर आठ दिवसांनी बोरूत जायची, वर गेलेल्या गाठींच्या खाली नव्या गाठी मारायची आणि सासऱ्यासारखीच पुटपुटायची. ती डोमाजीची माफी मागायची, असं म्हणतात.

दर वर्षी ती आणखी वीतभर वाकली. शेवटी तिचं तोंड पाण्याला टेकेल इतकं खाली आलं. एका भाद्रपदात ती गाठी बांधायला गेली आणि परत आली नाही. सारजा तेव्हा मोठी झाली होती. ती आजीला शोधायला आत गेली. पायाळूच ती, तिला वाट कोण चुकवणार. तिला सगळ्या गाठी सापडल्या, कमरेएवढ्या. पण सारसांच्या वळणापाशी एक निराळी गाठ होती, पाण्याच्या अगदी वर, घोट्याएवढी. तिथून पुढं कुठलीच खूण नव्हती. फक्त पाणी सावकाश चाललं होतं. सारजानं ती गाठ तशीच ठेवली आणि घरी येऊन सांगितलं की आजी त्या खालच्या गावात राहायला गेली.

आता नाल्यावर पूल झालाय. खैरटोल्याहून बेलटोल्याला मोटारसायकलनं सात मिनिटं लागतात. सुईण नाही, दवाखाना आहे. बोरूतून जायची कुणालाच गरज नाही. तरी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही टोल्यांतली माणसं देवळापुढं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी राहतात, आणि त्या वर्षी जो किंवा जी सगळ्यांत उंच भरेल त्यानं गाठी बांधायच्या. वाकून बांधायच्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ सरळ करायची नाही. आणि एकदा बांधून भागत नाही, दसऱ्यापर्यंत दर आठ दिवसांनी जावं लागतं. सारसांच्या वळणाजवळचा बोरू कुणी कापत नाही, उन्हाळ्यात जाळतही नाही. त्यामुळं तिथं अजून सारसांची जोडी येते.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याची पाळी होती. सहा फूट एक इंच, पोलीस भरतीत पहिल्या झटक्यात निवडलेला, मान कधी खाली न घालणारा. कुरकुरत गेला. मी कडेकडेनं पुलावरून चालत होतो. बोरूत त्याचं डोकं कुठं दिसेना, फक्त शेंडे हलत होते, आणि त्यांच्या हलण्यावरून तो कुठवर पोचला ते कळत होतं. वळणापाशी, पुलाच्या अगदी खाली, शेंडे थांबले. तिथं थांबून एक वाक्य म्हणायचं असतं, ते कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येतं. तो ते म्हणाला. इतक्या मोठ्या माणसाचा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"गोंदामाय, गाठ खालीच आहे. ये सावकाश."

मग शेंडे पुन्हा हलायला लागले, बेलटोल्याच्या दिशेनं.